साबणाला फेस येतो का बघा, मगच पैसे द्या

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे, बावीस वर्षं झाली. मशीन का बंद पडलं ते शोधायचं आणि चालू करून द्यायचं, हे माझं काम. असल्या माणसानं खोली डोळ्यानं न बघता, नुसते फोटो बघून, फोनवरून ४,८०० रुपये पाठवून टाकले म्हटल्यावर फौंड्रीतली पोरं अजून हसतात. हसू देत. पण त्या एका रात्रीत जे कळलं ते लिहून ठेवतो, कारण बेळगावातनं समुद्राला जाणारी निम्मी माणसं असंच करतात. आज ठरवायचं, उद्या पैसे पाठवायचे, परवा पहाटे भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून निघायचं.

२०२५ ची कोजागिरी. आई, मी, आमची मंडळी, दोन पोरं, मेहुणा, त्याची बायको आणि त्याची ईको गाडी. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी करत आंबोलीत चहा घेतला आणि घाट उतरलो. किनारा कुठला ते सांगत नाही, त्या गावातली बाकीची माणसं चांगली आहेत. दोन खोल्या, दोन रात्री, खोलीला १,२०० रुपये. स्वस्त होतं हे कबूल. बाराशेत संगमरवर कोण मागतंय? पंखा फिरावा, नळाला पाणी यावं, गादीला पाठ टेकावी, एवढंच मागणं.

खोलीचं दार उघडायला तिथल्या पोराला खांदा लावावा लागला. लाकूड फुगून चौकटीत घट्ट बसलेलं. मी तिथंच ओळखायला पाहिजे होतं.

खोली याआधी कधी उघडली होती?

फोनवर पहिला प्रश्न हा विचारा. भाड्याचं नंतर बघू.

किनाऱ्यावरची स्वस्तातली हॉटेलं जून ते सप्टेंबर जवळजवळ झोपलेली असतात. समुद्र खवळलेला, बोटी बंद, १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, त्यामुळं ताजा मासाही बेताचा. मालक कुलूप घालून बसतो. चार महिने त्या खोलीत वारा नाही, ऊन नाही, खारी ओल तेवढी आहे. मग ऑक्टोबरात पहिलं गिऱ्हाईक येतं आणि ते बहुतेक वेळा आपण बेळगाववाले असतो.

याचं कारण आपली सुट्टी. बेळगावात शाळा मराठी असो नाहीतर कन्नड, कॅलेंडर कर्नाटकाचं. मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला थोडी. महाराष्ट्रात उलटं, तिथली पोरं दिवाळीला मोकळी होतात. त्यामुळं दसऱ्याच्या सुमारास वेंगुर्ला-मालवणकडं गर्दी कमी आणि भाडं उतरलेलं असतं, त्याच वेळी कारवार, गोकर्ण, मुरुडेश्वरला पाय ठेवायला जागा नसते, कारण सगळं कर्नाटक तिकडंच लोटलेलं. मी हा हिशेब घालून स्वतःला शहाणा समजत होतो. भाडं का उतरलंय हे मात्र विचारलं नाही.

फोनवर असं बोला: "पावसाळ्यानंतर या खोलीत कोणी राहून गेलंय काय? कधी?" "हो हो, चालूच असतंय आपलं" असं गोलगोल उत्तर आलं तर समजायचं की उद्घाटन तुमच्या हातून आहे. राहून गेलेली माणसं असतील तर मालक पटकन सांगतो, "शनिवारी कोल्हापूरची मंडळी होती की." जमत असेल तर एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा बघा. आपली पोरं सुटलेली असतात, महाराष्ट्रातल्या शाळा अजून चालू असतात आणि खोल्या सहा महिने वापरून वाळलेल्या असतात. उकडतं, पण ओल नसते.

फोटोत काय येत नाही

फोटोत वास येत नाही, आवाज येत नाही आणि पाण्याची चव येत नाही. टॉवेलाचे दोन हंस करून पलंगावर ठेवलेले दिसले म्हणून भुलू नका. आमच्याही फोटोत होते. प्रत्यक्षात टॉवेल दोनच मिळाले, माणसं सात.

व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि आत्ताच करायला सांगा. बेडरूम दाखवू लागले तर म्हणायचं, ते राहू दे, बाथरूमचा नळ सोडून दाखवा. धार किती जाड आहे ते दिसतं, आणि पाणी सोडल्यावर पहिली तांबडी गुळणी येते का तेही दिसतं. जी खोली दाखवतील तिचा नंबर विचारून घ्या आणि तीच पाहिजे म्हणून मेसेज टाकून ठेवा.

लोकांचे अभिप्राय वाचताना पाच तारेवाले सोडा, एक तारेवालेही सोडा. दोन आणि तीन तारे देणारी माणसं खरं लिहितात. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरात लिहिलेलं शोधा. मे महिन्यात खूश झालेल्या माणसाचा आपल्याला उपयोग नाही.

मग नकाशा उघडून उपग्रहाचं चित्र बघा. आमच्या हॉटेलापासून समुद्र १०० मीटर, असं लिहिलेलं. खोटं नव्हतं. मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा होता, त्याच्यावर साकव, म्हणजे छोटा पूल नव्हता, आणि वळसा घालून जायला पाऊण किलोमीटर. व्हाळाच्या काठावर मासळी वाळत घातलेली. त्या वासाची माझी तक्रार नाही, ते त्यांचं पोट आहे. पण मेहुण्याच्या बायकोनं गाडीतून उतरल्या उतरल्या नाकाला जो पदर लावला तो आंबोली परत चढेपर्यंत काढला नाही.

आणि भरती. आम्ही साडेअकराला पोचलो तेव्हा किनारा नव्हताच. लाटा थेट गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला आपटत होत्या. पोरं म्हणायला लागली, "पप्पा, बीच कुठाय?" आईचं माहेर सावंतवाडीकडचं, ती गाडीतच बोलली होती, "आज पुनव, आता काय बघतलंस?" तिकडची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, साधारण भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा. ओहोटी त्याच्यापासून सहा तासांनी. पुढं रोज पाऊणएक तास सरकत जाते. अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतं, पण पोरांना पाण्यात कधी सोडायचं याचा अंदाज येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा अरुंद किनारे भरतीला गिळले जातात. निघायच्या आधी कालनिर्णय बघा, दोन मिनिटांचं काम.

खोलीत शिरल्यावर, बॅगा अजून गाडीत असताना

हे महत्त्वाचं. बॅगा उतरवल्या की आपण हरलो. पोरं पलंगावर उड्या मारायला लागतात, आई बसते, आणि मग कोण म्हणणार चला दुसरीकडं? एकानं आत जायचं, बाकीच्यांनी बाहेर नारळपाणी प्यायचं. खिशात उजेडाला मोबाईल, टेस्टर आणि साबणाची वडी.

पहिलं काम नाकाचं. दार उघडल्यावर डांबरगोळ्यांचा किंवा फवाऱ्याचा भपका आला तर तो कशावर मारलाय ते शोधा. गटारासारखा वास असेल तर घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा नहाणी ट्रॅप सुकलेला असतो. बाथरूमच्या जाळीखाली वाकडी नळी असते, तिच्यात पाणी साठून राहतं आणि ते पाणी खालचा वास अडवतं. खोली महिनोन्‌महिने बंद राहिली की ते पाणी उडून जातं. बादलीभर पाणी ओता, दहा मिनिटं थांबा. वास गेला तर ठीक. नाही गेला तर शोषखड्डा भरलाय, खोली बदला. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास असेल तर तो भिंतीचा आणि गादीचा आहे. तो रात्रीत जात नाही.

मग पाणी. साबण हाताला लावून बघा. समुद्राजवळच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये खारं पाणी शिरतं, उपसा जास्त झाला की आणखी शिरतं. असल्या पाण्यात साबण फेसाळत नाही, हात नुसते बुळबुळीत होतात आणि मीठ लागल्यासारखी कातडी ओढते. आमच्याकडं माझी बायको आत गेली आणि आतूनच ओरडली, "अहो, हा साबण खोटा आहे काय?" साबण खरा होता. आईनं चूळ भरली आणि थुंकली. चिडली की ती माहेरच्या बोलीत जाते. "पाणी मचूळ आसा रे. ह्यात डाळ शिजाची नाय." संध्याकाळी त्याच पाण्याचा चहा आला, साखर घातलेला आणि खारट. पिण्याचं पाणी वेगळं आहे का, कुठून येतं, हे विचारून घ्या आणि वीस लिटरचा कॅन गाडीत असू द्या.

भिंत बघताना खालचे तीन फूट बघा. रंगाचे पापुद्रे, आणि बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागली तर लोणा लागलाय, म्हणजे भिंतीतला क्षार बाहेर येतोय. कमरेपर्यंतच नवा रंग आणि वर जुना, असं असेल तर लोणा झाकलाय. पलंग त्या भिंतीला टेकलेला नको. नंतर वर बघा, बाल्कनीच्या स्लॅबखाली. तांबडे ओघळ आणि लांब सरळ चीर दिसली तर आतली सळई गंजलीय. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, आणि मग ते काँक्रीट आतून फोडून काढतं. खाऱ्या हवेत हे लवकर होतं. तिथं खुर्ची टाकायची नाही, पोरांना खेळू द्यायचं नाही. बाराशे असो नाहीतर बारा हजार.

आता गिझर. इथं मात्र मी हसत नाही. स्विच चालू केला आणि नळाला टेस्टर लावला, तर टेस्टरचा दिवा लागला. खाऱ्या पाण्यानं आतलं कॉइल खाल्लेलं, आणि अर्थिंगची तार नुसतीच भिंतीत खुपसलेली, कुठं जोडलेली नाही. मी पहिल्यांदा तिथला ब्रेकर पाडला, मग पळत जाऊन दुसऱ्या खोलीतला पाडला. तिथं मेहुणा टॉवेल गुंडाळून उभाच होता. टेस्टर वापरता येत नसेल तर एवढं करा: गिझर तापवायचा, स्विच बंद करायचा, मगच नळाला हात. पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा गिझर पंधरा-वीस मिनिटांत कढत पाणी देतो. अर्धा तास होऊनही कोमट असेल तर कॉइलवर क्षाराचा थर आहे किंवा ते गेलंय. बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल आणि खिडकी बंद असेल तर वापरूच नका. त्याच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, अंघोळीला गेलेला माणूस आतच पडतो. बादलीनं गरम पाणी मागून घ्या, तेवढं सगळीकडं देतात.

पंख्याचं सांगायलाच पाहिजे. पाचवर ठेवला तरी आरती ओवाळल्यासारखा फिरत होता. आवाज नाही, घरघर नाही, नुसता हळू. म्हणजे मोटार बरी आहे, कंडेन्सर गेलाय. मी गाडी काढून बाजारात गेलो, अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर साठ रुपयांना आणला, खुर्चीवर चढून बसवला. पंखा भन्नाट सुटला. तिथला पोरगा खालून बघत होता. म्हणाला, "काका, वरच्या मजल्यावरचे चार पण करून देता काय?" सुट्टीला गेलो होतो मी. तुमच्यासाठी सांगायचं ते एवढंच की पंखा पूर्ण वेगानं फिरवून दोन मिनिटं खाली उभं राहा. हवा अंगाला लागत नसेल तर टेबलफॅन मागा आणि तो खोलीत येईपर्यंत पैशाचं बोलू नका.

शेवटी गादी. चादर नाही, गादी. उशाकडचा कोपरा उचलायचा, शिवणीवर बॅटरी मारायची. मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके, तांबूस डाग दिसले तर ढेकूण आहेत. पलंगाच्या फळीच्या फटीही बघा. मी हे एकच बघितलं नाही, पंख्याच्या नादात राहिलं.

रात्री दोनला पोरगी खाजवत उठली. दिवा लावला तर उशीच्या अभ्र्यावर एक जण सावकाश चालत निघालेला, घाई नाही, गडबड नाही, घरचाच असल्यासारखा. मग कोण झोपतंय. प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर आणल्या, त्या चिरलेल्या स्लॅबपासून लांब, आणि सगळे बसलो. आईनं घरून दुधाचा मसाला आणला होता. दूध मिळालं नव्हतं, तर तिनं तो चिमूट-चिमूट पोरांच्या हातावर दिला. चंद्र डोक्यावरून कलला होता, भरती उतरायला लागली होती आणि गडग्याच्या पलीकडं आता कुठं वाळू दिसू लागली होती. पोरांना बीच दिसला तो असा, रात्री अडीचला.

पैसे

चूक इथंच झाली. दोन्ही रात्रींचे सगळे पैसे आधी दिल्यावर तुमच्या हातात काय राहतं? आगाऊ द्यायचे तर एका खोलीचं एका रात्रीचं निम्मं भाडं. बाकीचे खोली बघून. "सगळे दिल्याशिवाय बुकिंग होत नाही" म्हणाले तर होऊ देऊ नका. पोचायची आणि सोडायची वेळ मेसेजवर लिहून घ्या. दुपारी बारा म्हणून सांगतात आणि दहालाच दार वाजवतात.

जीएसटीचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीला ५ टक्के आहे, आधी १२ होता. आमच्याकडं दर उतरल्यानंतर दोन आठवड्यांनी १२ टक्के मागत होते, तेही वहीच्या फाडलेल्या कागदावर. मी विचारलं, नंबर कुठाय? जीएसटीचा नंबर पंधरा आकडी-अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. तीन राज्यांच्या तिठ्यावर राहणाऱ्या माणसाला हे तीन आकडे पाठ पाहिजेत. बिलावर नंबर नसेल तर जीएसटी द्यायचा नाही. पोरगा गप्प झाला, त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

सकाळी मालकाला फोन लावला. तो दुसऱ्या गावात. आवाज चढवला नाही, कारण समोर उभ्या पोराचा काय दोष, तोही पगारावर. रात्रीच काढलेले फोटो पाठवले: नळाला टेस्टर, उशीवरचा पाहुणा, लोणा. फोटो सामान लावायच्या आधी काढलेले असले तर आणखी बरं, कोणी म्हणू शकत नाही की तुम्हीच घाण केली. मग म्हटलं, दुसऱ्या रात्रीचे २,४०० परत द्या, आम्ही निघतो. तो म्हणाला, पैसे परत द्यायची पद्धत नाही आमच्यात, आणि तुम्ही कर्नाटकातले, करून करून काय करणार?

यावर माझ्याकडं उत्तर होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. हॉटेल महाराष्ट्रात असो नाहीतर गोव्यात, तक्रार बेळगावात. दोन वर्षांच्या आत करायची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याच्याही आधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं, कन्नडातही. मी एवढंच म्हणालो, "साहेब, तारखेला तुम्हाला बेळगावात यावं लागेल. आलात की कुंदा खायला घालतो." पलीकडं थोडा वेळ शांतता. मग दोन हजार आले. चारशेसाठी मी भांडलो नाही, त्यात कंडेन्सरचे साठ धरले तर अजून त्याच्याकडं माझं येणंच आहे.

पुढच्या वेळेला घरगुती ठिकाण बघणार. मालवण-तारकर्लीकडं घरातच दोन-चार खोल्या काढून देणारी कुटुंबं आहेत, महाराष्ट्र सरकारच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजनाही आहे. जिथं मालकीण स्वतः त्याच विहिरीचं पाणी पिते तिथं साबणाला फेस येतोच.

एक राहिलंच. असल्या खोलीतनं परत आलात तर बॅगा घरात नेऊ नका. कपडे थेट कढत पाण्यात, बॅगा गच्चीवर उन्हात, चेनी उघड्या ठेवून. आम्ही तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ घरी पोचलो तेव्हा दुपारचं ऊन होतं. मेहुणा हसत होता, बॅग आपटून गेला आत घेऊन. आठवड्यानं त्याचा फोन, "भावजी, त्या ढेकणाच्या औषधाचं नाव काय?"